ओढणं सोपं, आवरणं कठीण : पिकअप ट्रकची शंभर वर्षं

 

मागचे काही भाग आपण किल्ले आणि लढाया यांत घालवले. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, कर्नलसाहेब भरकटले. विषय आहे अमेरिकेतला पिकअप ट्रक, आणि त्यामागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पिंग ट्रेलर. पण मी तोफखान्यातला माणूस. आमचं निम्मं आयुष्य गाडीमागे काहीतरी जड ओढण्यात गेलं. त्यामुळे विषय वाटतो तितका परका नाही.

झालं असं, की माझा पुतण्या डेनव्हरला असतो. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "काका, ट्रेलर ठरलाय. आता ट्रक घ्यायचाय. पाऊण टनाचा डिझेल बघून ठेवलाय. चारशेच्या वर हॉर्सपॉवर आहे, ट्रेलर खेळण्यासारखा ओढेल. तुम्ही फौजेत गाड्या हाताळल्यात, तुम्हाला काय वाटतं?"

मी विचारलं, "ओढेल रे. थांबवेल का?"

तो हसला. मला हसू आलं नाही. का, ते शेवटी सांगतो. आधी या ट्रकचा इतिहास पाहू, कारण पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

शेतातून रस्त्यावर

१९१७ साली फोर्डने मॉडेल टीटी नावाची एक टनाची चॅसी बाजारात आणली. मागचा हौदा ज्याने त्याने आपापल्या गावच्या सुताराकडून करून घ्यायचा. मग १९२५ च्या एप्रिलमध्ये कंपनीने कारखान्यातूनच हौदा बसवून गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. शेतकरी, गवळी, गवंडी अशा लोकांची ही गाडी. सहलीशी तिचा काही संबंध नव्हता.

ट्रेलर ओढत होत्या त्या मोटारी. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून हौशी लोक मोटारीमागे तंबूचा गाडा किंवा लाकडी खोली जोडून हिंडत होते. १९३६ मध्ये वॉली बायम या गृहस्थाच्या एअरस्ट्रीम कंपनीने ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानासारखा रिव्हेट ठोकलेला 'क्लिपर' ट्रेलर आणला. हलका आणि गोलसर, त्यामुळे वाऱ्याला कमी अडणारा. तोही मोटारीच ओढायच्या.

पण रस्ते कुठे होते? १९१९ मध्ये अमेरिकी फौजेने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारगाड्यांचा काफिला नेला. ६२ दिवस लागले. पूल मोडले, गाड्या चिखलात रुतल्या आणि काफिल्यातला एक दणकट ट्रॅक्टर दिवसभर इतरांना ओढून काढण्यातच गुंतला. त्या काफिल्यात एक तरुण लेफ्टनंट कर्नल निरीक्षक म्हणून होता : ड्वाइट आयझेनहॉवर. सदतीस वर्षांनी, १९५६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१ हजार मैलांचं जाळं ठरलं. चिखलात रुतलेली गाडी पाहिलेला माणूस सत्तेवर आला की काय होतं, ते बघा.

टन म्हणजे किती?

आता पुतण्याच्या "पाऊण टन" या शब्दाकडे येऊ.

फौजेत राहिलेल्यांना ही भाषा माहीत आहे. आम्ही "वन टन" म्हणायचो ती निस्सानची जबलपूरला बनणारी गाडी, आणि "थ्री टन" म्हणजे शक्तिमान. आकडा होता गाडी किती ओझं वाहील याचा. अमेरिकेतही तसंच होतं. १९४८ मध्ये फोर्डने एफ-१, एफ-२, एफ-३ अशी मालिका आणली : अर्धा टन, पाऊण टन आणि पुढे चढत. १९५३ मध्ये त्याच नावांचे एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० झाले. डॉजने तर १९४६ मध्ये महायुद्धातला आपला पाऊण टनी फौजी ट्रक साध्या कपड्यांत आणला, त्याचं नाव पॉवर वॅगन. त्या घराण्यातले युद्धकाळातले डॉज आपल्या फौजेनेही वापरले.

पण मंडळी, टनाचा तो आकडा आता नुसतं आडनाव उरलाय. आजचा पाऊण टनी ट्रक पाऊण टनापेक्षा जास्त वाहतो, एक टनी तर कितीतरी जास्त. आडनाव 'पाटील' असलं म्हणून माणसाकडे गावची पाटीलकी असतेच असं नाही, तसंच हे. नेमकं किती ओझं चालेल, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरल्या पट्टीवर छापलेलं असतं. ती वाचायची.

मोटारी रोडावल्या, ट्रक फुगले

मग ट्रेलर ओढायचं काम मोटारीकडून ट्रककडे कसं आलं?

१९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकी मोटारी भल्यामोठ्या होत्या. स्वतंत्र लोखंडी सांगाडा, आठ सिलिंडरचं इंजिन, मागे ट्रेलर जोडला तरी गाडी कुरकुरत नसे. वॉली बायमने मात्र आपल्या ग्राहकांचे काफिले जिथे रस्ते नाहीत तिथे न्यायला सुरुवात केली. १९५९ मध्ये चाळीसच्या आसपास ट्रेलर केपटाउनहून निघाले आणि दुसऱ्या वर्षी कैरोला पोचले. तिथे पिकअप आणि त्याच जातीचे दणकट ट्रकच कामाला आले. इथिओपियातल्या वाटांनी त्यांचीही परीक्षा पाहिली. बायम १९६२ मध्ये वारला. पण पुढच्याच वर्षी असा एक काफिला सिंगापूरहून निघाला आणि आपल्या भारतातून, मग अफगाणिस्तान, इराण करत १९६४ मध्ये लिस्बनला पोचला. ग्रँड ट्रंक रोडच्या काळात आपल्या बैलगाड्यांशेजारून ती चकचकीत घरं गेली असतील, तेव्हा लोकांनी काय म्हटलं असेल कोण जाणे.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. १९७५ मध्ये अमेरिकेने मोटारींच्या इंधनवापरावर कायदा केला. मोटारी हलक्या झाल्या, सांगाडे गेले, इंजिनं लहान झाली. मात्र ठरावीक वजनाच्या वरचे ट्रक, म्हणजे ज्यांचं भरलेलं कमाल वजन ८,५०० पौंडांहून जास्त असे, त्या नियमाबाहेर राहिले. त्यामुळे ज्याला जड ट्रेलर ओढायचा त्याला जड पिकअपकडेच जावं लागलं. कायदा करणाऱ्यांच्या मनात ट्रेलर नव्हता, पण घडलं हे.

याच सुमाराला दुसरा बदल झाला. ट्रेलर बंपरखालच्या गोळ्याला न अडकवता थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर टेकवायची पद्धत पिकअपवाल्यांत पसरली. तिला 'फिफ्थ व्हील' म्हणतात, पाचवं चाक. नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून बग्गीखाली आडवं लोखंडी कडं बसवत, ते पाचवं चाक. ही जोडणी प्रवासी ट्रेलरसाठी आधीच वापरणारा माणूस होता विमानविद्येचा एक प्रणेता, ग्लेन कर्टिस. मोठे ट्रेलर या पद्धतीने जास्त स्थिर चालतात. पण त्यांचा बराच भार ट्रकच्या पाठीवर येतो, हे लक्षात ठेवा.

क्लेसी कमिन्सचा उतार

आता या इतिहासातला माझा आवडता माणूस.

क्लेसी कमिन्स. १९१९ मध्ये इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात त्याने डिझेल इंजिनांची कंपनी काढली. तेव्हा डिझेल म्हणजे जहाजाचं किंवा कारखान्याचं, रस्त्यावरचं नव्हे. ते रस्त्यावर चालतं हे दाखवायला १९३१ मध्ये तो न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला डिझेल ट्रक घेऊन निघाला. जवळजवळ सगळा देश ओलांडला. कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. ट्रक सुसाट. खाली रस्त्याला आडवी जाणारी मालगाडी. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक अगदी थोडक्यात मागून निघून गेला.

डिझेल इंजिनाची गंमत अशी, की पेट्रोल इंजिनासारखं पाय काढला की ते गाडीला फारसं मागे धरत नाही. कमिन्सच्या डोक्यात तेव्हापासून एकच किडा : ओढणारं इंजिन थांबवणारं कसं करायचं? उत्तर सापडलं सुमारे पंचवीस वर्षांनी, कंपनीतून बाहेर पडल्यावर. इंजिनात हवा दाबली गेली की ऐन वेळी झडप उघडून ती बाहेर सोडायची. म्हणजे इंजिन हवा दाबण्यात ताकद खर्च करतं, पण त्यातून परत काही मिळत नाही, आणि गाडी आवरते. १९६१ पासून जेकब्ज नावाच्या कंपनीने हे यंत्र बनवून विकायला सुरुवात केली. अमेरिकेत घाटात मोठे ट्रक 'भडभडभड' करत उतरतात ना, तो आवाज त्याचाच.

१९६२ मध्ये याच कंपनीने किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला कारखाना काढला. किर्लोस्कर कमिन्सचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारे आपल्यातले काही जण अजून असतील. पुढे टाटांबरोबर जमशेदपूरला दुसरा कारखाना निघाला. तिथे बनलेली 'बी' मालिकेची इंजिनं टाटांच्या ट्रकमध्ये बसली आणि आपले घाट चढू लागली.

त्याच 'बी' घराण्यातलं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल डॉजने १९८९ च्या आपल्या पिकअपमध्ये बसवलं. ताकद १६० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण पिळाची ताकद, टॉर्क, ४०० फूट-पौंड. हळू फिरणारं, दीर्घायुषी, खरं तर मालट्रकसाठी घडवलेलं इंजिन. ट्रेलर ओढणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. मग फोर्डचं पॉवर स्ट्रोक, २००१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स. स्पर्धा लागली. २०१९ मध्ये त्याच कमिन्स घराण्याच्या ६.७ लिटरच्या इंजिनाने पिकअपमध्ये १,००० फूट-पौंड गाठले. तीस वर्षांत अडीचपट.

आकड्यांचं युद्ध

ताकद वाढली तसे जाहिरातीतले आकडेही वाढले. आमचा ट्रक इतके हजार पौंड ओढतो, आमचा त्याहून पाचशे जास्त. पण मोजायचं कसं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. अखेर २००८ मध्ये मोटार अभियंत्यांच्या संघटनेने, एसएईने, जे-२८०७ नावाचं मानक काढलं. त्यातली प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर आधारलेली आहे. सुमारे साडेअकरा मैलांचा चढ, बाहेर वाळवंटी उन्हाळा, वातानुकूलन पूर्ण चालू, मागे ट्रेलर, आणि नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. टोयोटाने ते आधी स्वीकारलं, बाकीच्यांनी काही वर्षं घेतली.

मानक चांगलं आहे. पण त्यात ट्रकमध्ये माणसं दोन धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमचं कुटुंब, कुत्रा, जनरेटर, सायकली त्यात नाहीत. म्हणून जाहिरातीतला आकडा खोटा नसला तरी तो तुमचा आकडा नव्हे.

कागद आणि पेन्सिल

मी पुतण्याला म्हटलं, कागद घे. समोर बसून हिशेब केला. तुम्हीही करा. सोयीसाठी किलोत करू.

त्याचा फिफ्थ व्हील ट्रेलर, पाणी, गॅस, भांडीकुंडी, अंथरुणं सगळं भरून ५,४०० किलो. माहितीपत्रकातलं रिकाम्या ट्रेलरचं वजन कधीच धरू नका. रिकामा ट्रेलर घेऊन कोणी सहलीला जात नाही. अशा ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार ट्रकच्या पाठीवर येतो. म्हणजे १,०८० किलो.

त्याने पाहिलेला पाऊण टनी ट्रक. भरलेलं कमाल वजन १०,००० पौंड, म्हणजे ४,५३६ किलो. टाकी भरलेल्या ट्रकचं स्वतःचं वजन सुमारे ३,५०० किलो. उरले १,०३६. त्यातून पुतण्या, सूनबाई, दोन मुलं आणि कुत्रा मिळून २८० वजा. हौद्यातली जोडणी ९०. हत्यारं, लाकडं, जनरेटर १००. उरले ५६६ किलो. आणि पाठीवर येणार १,०८०.

"पण काका, कंपनी म्हणते हा ट्रक सात टन ओढतो!"

ओढतो ना. ओढण्याचा आकडा वेगळा आणि पेलण्याचा वेगळा. बहुतेक लोकांचा पेलण्याचा आकडा आधी संपतो, ओढण्याचा शिल्लकच राहतो. यात आणखी एक मेख आहे. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड. त्याच सांगाड्यावर ते बसवलं की ओढण्याची ताकद वाढते, पण पाठीवर घ्यायची जागा तेवढी कमी होते. दणकट इंजिनाचा ट्रक कमी ओझं पेलतो, हे पटायला वेळ लागतो.

आपल्या शेतकऱ्यांना हे सगळं शाळेत न जाता माहीत आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर गाडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड होते आणि बैल बसतो. ट्रेलरचं तंतोतंत तेच. बंपरमागच्या साध्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर हवा. कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. फार झाला तर ट्रकची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखं होतं.

म्हणून निवड उलट्या बाजूने करायची. आधी ट्रेलर, तोही भरलेला, वजनकाट्यावर. मग त्याचा पाठीवरचा भार. मग माणसं आणि सामान. त्यावर थोडी शिल्लक. मग ट्रक. पुतण्याच्या हिशेबाची बेरीज १,५५० किलो आली. म्हणजे एक टनी ट्रक, आणि त्याच्याही दाराची पट्टी वाचून. ट्रेलर याहून जड असता तर मागे जोडचाकांचा. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक, त्यांचं नियंत्रण चालकाच्या हाताशी, आणि डिझेल असेल तर इंजिनाचा ब्रेक. रंग आणि आसनांचं चामडं सगळ्यात शेवटी.

दहा किलोमीटर

आता मला हसू का आलं नाही ते.

१९८४. मी लेफ्टनंट होतो, ईशान्येकडच्या डोंगरात. आमच्याकडे १०५ मिलिमीटरची इंडियन फील्ड गन होती. वजन साडेतीन टनांच्या आसपास, म्हणजे एखाद्या मध्यम कॅम्पिंग ट्रेलरइतकंच. ओढायला शक्तिमान. सराव संपवून परत येत होतो. वाटेत एक गाडी बंद पडली. तिच्यातलं सामान, तंबू, शिधा, पाण्याचे कॅन, मी पुढच्या तोफेच्या गाडीत चढवायला सांगितलं. त्या गाडीत दारूगोळा आणि तोफेवरचे जवान आधीच होते.

हवालदार म्हणाला, "साहब, वज़न ज़्यादा हो जाएगा. आगे उतराई है." मी म्हटलं, "दस किलोमीटर ही तो है."

गाडी चढ लीलया चढली. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होता. उतारावर चौथ्या वळणाला जळक्या ब्रेकचा वास आला. मागून तोफ ढकलत होती. चालकाने शहाणपण केलं. दरीच्या बाजूला न जाऊ देता गाडी डोंगराच्या अंगावर घातली. गाडी थांबली, पण तोफ थांबली नाही. ती फिरून आडवी आली. मागून उडी टाकलेला एक जवान तिच्या आणि कड्याच्या मध्ये सापडला. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली गेला. वय बावीस, माझ्याहून एक वर्षाने लहान.

चौकशी झाली. हुकूम माझा होता हे मी सांगितलं, ठपका माझ्या नोंदीत आला, तो योग्यच होता. चालकाला कोणी काही बोललं नाही, हे एक समाधान. पुढे देवळालीला शिकवायला असताना दर तुकडीला मी ही गोष्ट सांगत असे, माझ्या नावासकट. तो जवान निवृत्तीनंतर गावी किराणा दुकान चालवायचा. दिवाळीला फोन करायचा. एकदाही त्या दिवसाबद्दल बोलला नाही. मीच एकदा विषय काढला तर म्हणाला, "साहब, गाड़ी चढ़ तो गई थी."

तेवढंच.

डेनव्हरहून पश्चिमेकडे जाताना आंतरराज्य ७० क्रमांकाचा महामार्ग ११ हजार फुटांवर एका बोगद्यातून जातो. बोगद्याला नाव आयझेनहॉवरचं, तोच १९१९ चा चिखलातला लेफ्टनंट कर्नल. बोगद्यापलीकडे सात टक्क्यांपर्यंतचा लांबलचक उतार आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला वर चढणारे खडीचे फाटे काढून ठेवले आहेत. पुतण्याचा सहलीचा रस्ता तोच.

त्याने एक टनी ट्रक घेतला. थोडा महाग पडला, सूनबाई थोडी कुरकुरली. पहिल्या सहलीआधी ट्रक आणि ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन पावतीचा फोटो मला पाठवला. मी लिहिलं, "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर." तो बोगदा ओलांडून खाली पोचल्याचा निरोप रात्री दोनला आला. मी जागाच होतो.

आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. उद्या तुमच्यापैकी कोणी गाडीमागे घर जोडून कोकणात उतरायला निघालं, तर घाटाच्या माथ्यावर एक मिनिट थांबा, खाली उतरून सगळं एकदा बघा. आणि कोणी हवालदार "वजन जास्त होईल" म्हणाला, तर त्याचं ऐका.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यावर जाऊ. जय हिंद.